वेदीवरची कामं की वाड्यावरचा समूह: सुरुवात कुठून करावी?

चर्च भरलेलं असतं, पण प्रवचन सुरू झालं की मागच्या दारातली पुरुषमंडळी अंगणात उभी. गोव्यातल्या पॅरिश समितीला, म्हणजे चर्चचं कामकाज बघणाऱ्या मंडळींना, हे दृश्य सांगायला नको. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत भाविकांचा पूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय सहभाग मागितला. ‘सक्रिय’ म्हणजे अधिक लोकांना कामं वाटणं, एवढाच अर्थ अनेकदा घेतला जातो. दुसरी वाट वाड्यावरच्या छोट्या समूहाची.

वेदीवरची कामं

हिशेब करून बघा. दोन वाचक, स्तोत्र गाणारा एक, भाविकांच्या प्रार्थना म्हणणारे पाच, अर्पणं नेणारे चार: झाले बारा. चर्चमध्ये चारशे माणसं असतील तर ३८८ बसूनच राहिली. शिवाय वाचक आयत्या वेळी शोधला जातो, म्हणून दर रविवारी तेच चेहरे दिसतात. वाचन बुधवारपर्यंत हातात द्या, घरी तीनदा मोठ्याने आणि एकदा चर्चच्या माइकवर वाचून घ्या.

चारशेही जणांना करता येण्याजोगं काम म्हणजे प्रतिसाद आणि गाणं. तेच नेमकं गायकवृंद हिरावून घेतो. पट्टी उंच लागली की मागचे बाक गप्प होतात. कीबोर्डवाल्याला दोन सूर खाली यायला सांगा. महिन्याला एकच नवीन गाणं घ्या, मिस्सेआधी (चर्चमधल्या मुख्य उपासनेआधी) दहा मिनिटं शिकवा आणि पुढचे तीन रविवार तेच गा.

वाड्यावरचा समूह

वाड्यावरची दहा-पंधरा घरं पाऊण तास एकत्र बसून बायबलचा उतारा वाचतात. इथे लपायला मागचा बाक नसतो. दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेची सात पायऱ्यांची पद्धत यासाठी उत्तम: प्रभूला बोलावणं, उतारा वाचणं, भिडलेला शब्द मोठ्याने म्हणणं, शांतता, मनातलं सांगणं, एखादं काम ठरवणं, प्रार्थना. बिघडतं ते सहाव्या पायरीवर. काम ठरतच नाही आणि बैठक रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणून संपते. अंथरुणाला खिळलेल्या आजींना कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर) हवं आहे हे फादरना कोण सांगणार आणि कधी, ते नावासकट वहीत लिहा.

दुसरी अडचण खाण्याची. एका घरी सान्नां-सोरपोतेलचं जेवण झालं की भाड्याच्या खोलीतलं कुटुंब आपली पाळी टाळतं. चहा-बिस्किटांपलीकडे काही नाही, हा नियम पहिल्याच दिवशी करा.

तिसरी लिपीची, आणि ती सहसा कोणाच्या ध्यानातच येत नाही. पत्रकं रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोंकणीत असतात. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला कोंकणी कानाने कळते, पण कागद हातात आला की तो मान खाली घालतो. देवनागरीत चार प्रती काढा. तोच माणूस पुढच्या खेपेला उतारा वाचेल.

निवड

गायकवृंद एकटाच गात असेल तर आधी गाणं सुधारा, दोन महिने पुरतात. एरवी वाड्यापासूनच सुरुवात करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. खुरसाकडच्या लदाइनीला (क्रुसापाशी म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेला), सायबीण (घरोघरी फिरणारी मरियामातेची मूर्ती) घरी येते तेव्हा माणसं जमतातच. पहिली बैठक त्याच आठवड्यात ठेवा. समूह रुळले की एकेका रविवारची वाचनं, प्रार्थना आणि अर्पणं एकेका वाड्याकडे सोपवा आणि तीन महिन्यांचा तक्ता चर्चच्या दारावर लावा.