मोठ्या क्लबचा तिसरा कीपर की लहान संघाचा पहिला?

फुटबॉलमध्ये स्ट्रायकरला ऐंशीव्या मिनिटाला उतरवता येतं. बॅकला गरज पडली तर मिडफिल्डला सरकवता येतं. कीपरची जागा मात्र एकच, आणि ती रिकामी व्हायला पहिल्या कीपरला दुखापत तरी व्हावी लागते किंवा लाल कार्ड तरी मिळावं लागतं. म्हणून वीस-बावीसच्या वयात बऱ्यापैकी प्रत्येक कीपरसमोर हा पेच येतोच. मी दोन्ही करून पाहिलं आहे. कोल्हापुरात तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या, संघाकडून खेळत मोठा झालो, मग दोन मोसम एका व्यावसायिक क्लबात तिसरा कीपर होतो आणि चोविसाव्या वर्षी मुंबईत एका डिपार्टमेंटच्या, म्हणजे खेळाडूंना नोकरी देणाऱ्या खात्याच्या, टीमकडे गेलो. तिथे सात वर्षं खेळलो. माझं मत कुठे झुकतं ते पुढे कळेलच, पण क्लबात जे मिळालं ते आधी सांगतो, कारण ते कमी नव्हतं.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे फक्त कीपरांसाठी असलेला कोच. तालमीत मी बघून बघून शिकलो होतो. मोठ्या पोरांच्या मागे, जाळीच्या पलीकडे उभं राहायचं आणि ते काय करतात ते पाहायचं. क्लबात पहिल्याच आठवड्यात कोचनं माझी एक खोड पकडली. समोरचा शॉट मारायच्या क्षणी मी बारीकशी उडी मारायचो, आणि बॉल सुटायचा तेव्हा माझे पाय हवेत असायचे. जमिनीवर पाय नसतील तर झेप घ्यायला जोर कुठून येणार? ती खोड जायला तीन आठवडे लागले, पण गेली. ती दाखवणारा माणूस मला आधी कधी भेटलाच नव्हता. शिवाय फिजिओ होता. बोट निखळलं तर तासाभरात एक्स-रे व्हायचा. पुढे डिपार्टमेंटच्या टीममध्ये करंगळी सुजली तेव्हा मैदानाबाहेरच्या रसवंतीवरून बर्फ आणून रुमालात बांधला होता.

बेंचवर बसून घडलेले कीपर आहेतच. भारताचा कीपर गुरप्रीत सिंग संधू 2014 मध्ये ईस्ट बंगाल सोडून नॉर्वेच्या स्टाबेक क्लबात गेला. लीगचे सामने त्याच्या वाट्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आले, पण 2016 मध्ये युरोपा लीगच्या पात्रता फेरीत उतरून त्या स्पर्धेत खेळणारा तो पहिला भारतीय ठरला. 2017 मध्ये बंगळुरू एफसीकडे परतला तो थेट पहिला कीपर म्हणूनच. तेव्हा बेंचवरची वर्षं वाया जातात असं सरसकट म्हणता येणार नाही. फक्त एवढं लक्षात ठेवावं की राष्ट्रीय संघाचं दार त्याच्यासाठी जायच्या आधीच उघडलेलं होतं.

आता ज्या गोष्टीमुळे मी बाहेर पडलो ती.

सराव संपत आला की फिनिशिंगचा ड्रिल असतो. स्ट्रायकर रांगेत उभे राहतात, पेनल्टी एरियाच्या कडेवर एकामागून एक बॉल येतो आणि ते मारत सुटतात. पहिला कीपर तोवर मोकळा झालेला असतो, कारण त्याला सामन्यासाठी ताजं ठेवायचं असतं. दुसरा थोडा वेळ उभा राहतो. उरलेला सगळा वेळ तिसऱ्याचा. समोर डिफेंडर नाही, अँगल बंद करायला कोणी नाही, बारा-चौदा यार्डांवरून मोकळा शॉट. दहा मिनिटांत पन्नास-साठ बॉल यायचे आणि त्यातले बहुतेक जाळीत जायचे. जगातल्या कुठल्याही कीपरचे जातील. तेही मी सोसलं असतं. पण मी बॉलवर धावून गेलो की बाजूनं आवाज यायचा, ‘बाहेर येऊ नको, लाइनवर थांब, त्याला मारू दे.’

कोचचं चुकत होतं असं नाही. तो सराव स्ट्रायकरसाठी होता, त्याला गोल करण्याचा विश्वास यावा म्हणून. पण मी दोन वर्षं रोज संध्याकाळी लाइनवर थांबायला शिकत होतो. तालमीत असताना माझं नाव झालं होतं ते बाहेर येण्यामुळे. बॅकच्या मधून पलीकडे जाणारा थ्रू पास सुटायच्या आत मी दोन पावलं निघालेलो असायचो. आणि ओरडायचो! शाहू स्टेडियमवर दोन पेठांची गर्दी कानठळ्या बसवत असताना सेंटर बॅकला ऐकू जाईल असं ‘कीपर!’ म्हणायचं तर पोटातून आवाज काढावा लागतो. फिनिशिंगच्या ड्रिलमध्ये ओरडायचं तरी कोणावर? समोर आपला माणूसच नसतो.

दुसऱ्या मोसमात एकदा पहिला जायबंदी झाला, दुसऱ्यावर बंदी आली आणि मला कपच्या सामन्यात उतरायला मिळालं. सत्तर मिनिटं सगळं ठीक होतं. मग आमच्या दोन सेंटर बॅकच्या मधून एक पास आला. वेग फार नव्हता, बॉल माझ्याकडेच घरंगळत येत होता. तालमीतल्या दिवसांत मी तो झोपून छातीशी घेतला असता. पण पाय हललेच नाहीत. एक क्षणभर मी लाइनवर वाट बघत राहिलो, आणि तेवढ्यात त्यांच्या फॉरवर्डनं बॉल माझ्या उजव्या हाताखालून आत सारला. सेंटर बॅक वळून एवढंच म्हणाला, ‘अरे, आवाज तरी द्यायचास.’ तो रागावला नव्हता. त्या रात्री हॉटेलच्या बाथरूममध्ये ग्लोव्हज धुताना पाहिलं तर सामन्याच्या जोडीचं लॅटेक्स अजून कोरं करकरीत होतं आणि सरावाच्या जोडीला दोन बोटांवर भोकं पडली होती. मी मनाशी ठरवलं ते तिथेच.

डिपार्टमेंटच्या टीमचे तोटे लपवण्यासारखे नाहीत. सकाळी सराव, मग ऑफिसात हजेरी. कीपरचा वेगळा कोच नव्हता. एक निवृत्त कीपर रविवारी सवडीनं यायचे आणि आम्ही त्यांची वाट पाहायचो. ग्लोव्हज स्वतःच्या पैशानं घ्यायचे. कूपरेजच्या नाहीतर वांद्र्याच्या नेव्हिल डिसोझा मैदानाच्या टर्फवर कोपर सोलवटायचं, आणि कडक मातीच्या मैदानावर तर कंबर हिरवीनिळी व्हायची. सामन्याला चाळीस प्रेक्षक आले तरी चांगली गर्दी म्हणायचो. सामन्याचं चित्रण नसायचं, त्यामुळे आपण कुठे उभे होतो ते आठवणीतूनच शोधावं लागायचं.

पण पहिल्याच महिन्यात पाच सामने झाले. तिसऱ्यात शेवटच्या मिनिटाला कॉर्नर आला, सहा यार्डांत दहा-बारा माणसं. मी ओरडलो, निघालो, कोणाच्या तरी खांद्यावरून मूठ मारली. बॉल बाहेर गेला आणि बोटांची सालं निघाली. आमचा बॅक, चाळिशीकडे झुकलेला, कोणाशी फार न बोलणारा माणूस, येऊन पाठीवर थाप मारून गेला. कोचनं शिकवलेली पायांची जागा मला तिथे उपयोगी पडली, हेही खरं. शिकलो क्लबात, पण ते अंगात भिनलं सामन्यांत.

पैशाचं आणि भरवशाचं म्हणाल तर दोन्हीकडे आता तशी जोखीम आहे. क्लबात हातात येणारी रक्कम बहुतेक वेळा जास्त असते, पण करार एक-दोन वर्षांचा. महाराष्ट्रातल्या कीपरांनी तर डोळ्यांदेखत क्लब मिटताना पाहिले आहेत. 2005-06 चा राष्ट्रीय लीग विजेता महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. डीएसके शिवाजियन्स 2017 मध्ये आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून गेला, 2019 मध्ये एफसी पुणे सिटीही संपला. जुलै 2025 मध्ये देशातल्या सगळ्यात वरच्या लीगचा, आयएसएलचा, मोसमच स्थगित झाला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. दुसऱ्या बाजूला, एअर इंडिया आणि ओएनजीसी 2013 मध्ये परवान्याच्या निकषांवर आय-लीगबाहेर झाले, म्हणजे डिपार्टमेंटची टीमही वरच्या पायरीवर राहीलच असं नाही. पण टीम खाली गेली तरी नोकरी राहते. रेल्वेच्या खेळाडू कोट्यात भरतीचं वय 18 ते 25 आहे आणि तिथे तुम्ही कोणत्या पातळीवर खेळलात ते बघतात. सत्ताविसाव्या वर्षापर्यंत बेंचवर बसून मग हा रस्ता धरायचा म्हटलं तर तो बंद झालेला असतो. हे मला वेळेत एका जुन्या खेळाडूनं सांगितलं, त्यांचे उपकार आहेत.

बाहेरच्या मोठ्या फुटबॉलमध्येही हेच दिसतं. रिचर्ड राइट इंग्लंडकडून खेळलेला कीपर. 2012 ते 2016 मँचेस्टर सिटीत होता आणि एकही सामना खेळला नाही. अर्थात कारकिर्दीच्या शेवटी, पस्तिशीच्या आसपास, तशी जागा घेणं समजू शकतं. एमिलियानो मार्टिनेझ सतराव्या वर्षी आर्सेनलमध्ये आला आणि वर्षानुवर्षं लोनवर, म्हणजे तात्पुरता दुसऱ्या क्लबांकडे, फिरला. जून 2020 मध्ये पहिला कीपर लेनो जखमी झाला तेव्हा कुठे सलग संधी मिळाली. एफए कप जिंकला, आणि तरीही पहिली जागा पक्की नाही म्हटल्यावर त्यानं क्लब सोडून अॅस्टन व्हिला धरला. पुढच्या वर्षी अर्जेंटिनाचा कीपर झाला, 2022 मध्ये विश्वविजेता. आर्सेनलहून व्हिलाकडे जाणं तेव्हा अनेकांना एक पायरी उतरणं वाटलं असेल.

अर्थात वय अठरा-एकोणीस असेल तर मी स्वतः मोठा क्लबच धरा म्हणेन. 21 वर्षांखालच्या मुलांसाठी 2022 पासून रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग आहे, त्यामुळे क्लबचा कोचही मिळतो आणि सामनेही. आपल्याकडे क्लब परदेशी खेळाडूची जागा सहसा कीपरवर खर्च करत नाहीत, तेव्हा दार अगदीच बंद नसतं. करारावर सही करण्याआधी लोनबद्दल लेखी काही मिळतं का ते मात्र विचारा. ‘बघू, पाठवू’ असं तोंडी मलाही सांगितलं होतं. आणि कीपर उशिरा पिकतो हेही खरंच आहे. दिनो झॉफ 1982 मध्ये चाळिसाव्या वर्षी इटलीचा कर्णधार म्हणून विश्वचषक जिंकला. पण तो त्याआधीची सगळी वर्षं खेळत होता.

आमच्या पेठेतला एक पोरगा गेल्या आठवड्यात घरी आला होता. वय बावीस, उंच, हात चांगले. एका क्लबाकडून तिसऱ्या कीपरचा दोन वर्षांचा करार आहे आणि एका डिपार्टमेंटच्या टीमनं चाचणीला बोलावलं आहे. ‘दादा, तुम्ही असता तर काय केलं असतं?’ म्हणाला. मी त्याला विचारलं, या वर्षात सामन्यात किती कॉर्नर बाहेर येऊन पकडलेस? तो बराच वेळ आठवत बसला. मग म्हणाला, दोन, आणि त्यातला एक सुटला होता. क्लबाला गुरुवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे.