अँकी: वेळापत्रक चोख, कार्डं मात्र स्वतः बनवा

जीआरईच्या (परदेशी पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या) इंग्रजी शब्दसंग्रहासाठी फुकटात मिळणारं सगळ्यात कामाचं साधन म्हणजे अँकी, कार्डांवरून उजळणी करून घेणारं अ‍ॅप. कार्डाच्या पुढे प्रश्न, मागे उत्तर. आठवलं की नाही हे आपण सांगायचं, ते कार्ड पुन्हा कधी दाखवायचं हे अँकी ठरवतं. घोळ होतो तो कार्डांत.

हजार-हजार शब्दांचे आयते डेक (कार्डांचे संच) उतरवून घेण्याचा मोह टाळा. त्यांत बहुतेकदा एकीकडे शब्द, दुसरीकडे अर्थ, एवढंच असतं. परीक्षेत मात्र वाक्यातली रिकामी जागा भरायची असते. म्हणून 'क्लोझ' प्रकारचं कार्ड करा: वाचनात आलेलं पूर्ण वाक्य, त्यातला शब्द झाकलेला, सोबत मराठीत इशारा. 'सँक्शन' घ्या. कर्ज सँक्शन होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण एखाद्या देशावर सँक्शन्स लादल्या की अर्थ होतो निर्बंध, म्हणजे जवळजवळ उलटा. दोन अर्थ, दोन वाक्यं, दोन कार्डं. 'मिटिगेट' (सौम्य करणं) आणि 'मिलिटेट' (विरोधात जाणं) यांची गल्लतही वाक्यानेच सुटते: 'मिलिटेट'पुढे 'अगेन्स्ट' येतं, ते झाकू नका.

रोज 20 नवी कार्डं हे मूळ सेटिंग नोकरी करणाऱ्याला झेपत नाही. काही आठवड्यांत उजळणी दीड-दोनशे कार्डांवर जाते आणि चार दिवस खाडा पडला की ढीग उपसवत नाही. 10 पुरेत. कार्ड पुन्हा कधी दाखवायचं हे ठरवणारी 2023 मध्ये आलेली नवी पद्धत, 'एफएसआरएस', सेटिंगमध्ये चालू करा, स्मरणाचं लक्ष्य 0.90 (म्हणजे दहातली नऊ कार्डं आठवावीत) राहू द्या.

सगळ्यात महागात पडते ती बटणांची चूक. शब्द आठवलाच नाही तरी 'अगेन' (विसरलो) दाबायला जीव होत नाही म्हणून 'हार्ड' (अवघड गेलं) दाबलं जातं. अँकीच्या हिशेबी 'हार्ड' म्हणजे कष्टाने का होईना, आठवलं. मग कार्ड आणखी लांबणीवर पडतं. विसरलात तर 'अगेन'च. 8 वेळा विसरलेल्या कार्डावर 'लीच' असा शिक्का बसतो. ते घोटत बसू नका, वाक्य बदला.

संगणकावर आणि अँड्रॉइडवर (अँकीड्रॉइड) फुकट, आयफोनवर एकदाच पैसे. मिळत्याजुळत्या नावांची इतर अ‍ॅप्स वेगळी आहेत, नीट बघून घ्या. दिसायला रुक्ष आहे, आणि उच्चार ऐकायचा तर टेम्प्लेटमध्ये (कार्डाच्या साच्यात) सोय स्वतः करावी लागते. परीक्षा पंधरा दिवसांवर आली असेल तर मात्र नव्याने अँकीच्या मागे लागू नका. एवढ्यात उजळणीच्या फेऱ्या पुरेशा होत नाहीत. त्यापेक्षा सराव प्रश्नपत्रिका सोडवा.