पियानो: पाचव्या वर्षी की आठव्या?

नाशिकला गंगापूर रोडवर क्लास शोधणारे पालक आधी वय विचारतात. पाचव्या वर्षी कान तल्लख असतो, चाल पटकन पकडतो. पण करंगळीत जोर नसतो, पाय पेडलपर्यंत पोचत नाहीत आणि घरच्या सरावाला आई किंवा बाबांना रोज शेजारी बसावंच लागतं.

आठव्या वर्षी वाचन सरावाचं झालेलं असतं, डावं-उजवं पक्कं असतं. पियानोत उजव्या आणि डाव्या हाताच्या दोन ओळी एकाच वेळी वाचायच्या असतात. तिथे हे फार उपयोगी पडतं.

माझा कौल आठलाच. तोवर भरपूर गाणी, टाळ्यांवर ठेका. मात्र पाच वर्षांचं मूल घरातल्या पेटीवर स्वतःहून ऐकलेली चाल शोधत बसत असेल, तर त्याला अजिबात थांबवू नका.