पुरातत्त्वाच्या बातम्यांचा पॉडकास्ट: काही महिने नियमित ऐकल्यावर

‘इतिहास बदलून टाकणारा शोध’ छापाच्या मथळ्यांचा वीट आला होता, म्हणून हा पॉडकास्ट लावून बघितला. आता नवा एपिसोड कधी येतो याकडे लक्ष असतं. ही मंडळी बातमी देऊन मोकळी होत नाहीत, पुढे तिचं काय झालं तेही सांगतात.

व्हाइट सँड्सचंच घ्या. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमध्ये 21,000 ते 23,000 वर्षांपूर्वीच्या मानवी पाऊलखुणा सापडल्याची बातमी 2021 मध्ये गाजली. हे वय काढलं होतं त्या थरांतल्या एका पाणवनस्पतीच्या बियांवरून, आणि मेख तिथेच होती. अशा वनस्पती पाण्यात विरघळलेला जुना कार्बनही शोषतात, त्यामुळे कार्बन डेटिंगमध्ये बी आहे त्याहून जुनं दिसू शकतं. हा आक्षेप निवेदिकेने जराही घाई न करता उलगडला. मग 2023 चा अभ्यास: जमिनीवरच्या सूचिपर्णी झाडांचे परागकण तपासले, क्वार्ट्झच्या कणांवर शेवटचा उजेड कधी पडला तेही मोजलं. वय साधारण तेवढंच निघालं. वर्तमानपत्रात हे सगळं ‘संशोधकांच्या मते’ या दोन शब्दांत गुंडाळलेलं असतं!

इंडोनेशियातल्या गुनुंग पदांगचा एपिसोडही झकास. ती टेकडी म्हणजे हिमयुगातलं मानवी बांधकाम, असं सांगणारा शोधनिबंध 2023 मध्ये आला आणि 2024 मध्ये मागे घेतला गेला, कारण वय काढलेल्या मातीचा माणसाच्या वावराशी संबंध दाखवणारं काहीच सापडलेलं नव्हतं. माती जुनी म्हणून बांधकाम जुनं ठरत नाही, एवढी साधी गोष्ट. दावा करणाऱ्यांची टिंगल मात्र कुठेही नाही, हे विशेष आवडलं.

आता तक्रारी. सुरुवातीच्या गप्पा असह्य लांबतात; मी सरळ पुढे ढकलतो. पाहुण्यांचा आवाज कधीकधी विहिरीतून आल्यासारखा येतो. इजिप्तमधलं थडगं म्हटलं की अख्खा एपिसोड, पण झांबियात कलांबो धबधब्याजवळ सापडलेले, खाच पाडून एकमेकांवर बसवलेले किमान 4,76,000 वर्षांपूर्वीचे ओंडके मात्र दोन मिनिटांत उरकले. हा पक्षपात खटकतोच. शिवाय उत्खननातले थर नुसत्या बोलण्यातून डोळ्यांसमोर येत नाहीत. एपिसोडच्या माहितीत एखादी आकृती द्यायला काय हरकत आहे?

नव्याने ऐकणाऱ्यांनी ताज्या एपिसोडऐवजी कालमापनावरच्या जुन्या एपिसोडपासून सुरुवात करावी. पुढचे वाद त्याशिवाय डोक्यावरून जातात.