ब्रेक्झिटसाठी अख्खं खातं बरं, की एकटा मंत्री?

ब्रिटनने दोन्ही करून पाहिलं. जुलै 2016 मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्यासाठी स्वतंत्र खातं निघालं. डेव्हिड डेव्हिस आणि डॉमिनिक राब हे पहिले दोन मंत्री 2018 मध्येच राजीनामा देऊन मोकळे झाले. मग स्टीफन बार्कले आले. कळीच्या वाटाघाटी पंतप्रधानांच्या कार्यालयातून चालत. तरी 31 जानेवारी 2020 ला ब्रिटन बाहेर पडलं आणि खातंही गुंडाळलं गेलं. हिशेब चोख.

एकट्या मंत्र्याचा, म्हणजे जेकब रीस-मॉग यांचा, कारभार निराळा. फेब्रुवारी 2022 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी त्यांना ‘ब्रेक्झिटच्या संधी आणि सरकारी कार्यक्षमता’ असं लांबलचक पद दिलं. सप्टेंबरमध्ये ते संपलं. स्वतःचं खातं नाही, सगळ्या खात्यांचा समन्वय पाहणाऱ्या कॅबिनेट ऑफिसात फक्त खुर्ची. ऑफिसात न येणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या रिकाम्या टेबलांवर ‘आलो होतो, तुम्ही नव्हता’ अशा अर्थाच्या चिठ्ठ्या त्यांनी ठेवल्या आणि गाजल्या त्याच. मला मोलाची वाटते ती जूनमधली यादी: ब्रिटनच्या कायद्यात उरलेले 2,400 हून अधिक युरोपीय नियम, सगळ्यांना पाहता येतील असे. पण त्यातलं काय ठेवायचं, काय काढायचं, हे त्या-त्या खात्याच्या हातात. तिथे एकट्या मंत्र्याचं कोण ऐकणार? 2023 अखेर हे नियम आपोआप रद्द करण्याचा बेतही सरकारने मे 2023 मध्ये सोडून दिला.