ईएफपी ब्राउझर: साधन उत्तम, रंगपट्टी मात्र जपून वाचा

वनस्पतीच्या कुठल्या भागात कुठलं जनुक किती चालू आहे हे चित्रातून दाखवणारा, टोरांटो विद्यापीठाच्या 'बार' या संकेतस्थळावरचा ईएफपी ब्राउझर २००७ पासून मोफत आहे आणि लॉगिनही लागत नाही. अॅरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळांतल्या लाडक्या छोट्या रोपाच्या जनुकाचा क्रमांक टाका, रोपाचं चित्र रंगून समोर येतं: पिवळं म्हणजे कमी अभिव्यक्ती (जनुक कमी चालू), लाल म्हणजे जास्त. जनुक मुळांमध्ये चालू आहे की परागकणांमध्ये, हे पाहायला याहून सोपी जागा नाही.

फसगत होते ती लाल रंगाने. 'अॅब्सोल्यूट' प्रकारात, म्हणजे थेट मूल्यं दाखवताना, रंगपट्टीचं वरचं टोक त्याच जनुकाच्या कमाल मूल्यावर बसतं. त्यामुळे कमाल ४० असलेलं जनुकही ८,००० वाल्याइतकंच लालभडक दिसतं. दोन जनुकांची तुलना करायची असेल तर 'सिग्नल थ्रेशोल्ड'मध्ये दोघांसाठी एकच आकडा भरा आणि चित्राखालचा तक्ता उघडून मूल्यं वाचा. 'रिलेटिव्ह' प्रकारात मूल्य नियंत्रण नमुन्याच्या किती पट आहे ते दिसतं, आणि तिथे उलटा धोका आहे. सिग्नल ५ वरून २० वर गेला तरी चौपट वाढ दिसते, पण इतक्या खालच्या पातळीवर तो निव्वळ गोंगाट असू शकतो.

थंडी, मीठ अशा ताणांच्या प्रयोगांसाठी मात्र 'रिलेटिव्ह'च घ्या, कारण तिथे प्रत्येक वेळेचा स्वतंत्र, ताण न दिलेला नियंत्रण नमुना आहे आणि दिवस-रात्रीच्या चक्राचा परिणाम वजा होतो. सरावाला आरडी२९ए (एटी५जी५२३१०) हे जनुक पाहा. थंडी आणि मीठ, दोन्हींत ते उसळतं.

माहितीचे जुने संच एटीएच१ या मायक्रोअॅरेचे, म्हणजे जनुकं मोजणाऱ्या चिपचे आहेत. त्यात सुमारे २२,८०० प्रोबसंच (जनुक ओळखणारे डीएनएचे तुकडे), तर प्रथिनं घडवणारी जनुकं २७,००० हून अधिक; म्हणजे काही जनुकं त्यात सापडणारच नाहीत. प्रोबच्या नावाअखेर 'एस_एटी' किंवा 'एक्स_एटी' असेल तर भावंड-जनुकांचा सिग्नल मिसळल्याची शंका घ्या आणि आरएनए-सिक्वेन्सिंगवर उभा असलेला क्लेपिकोव्हा अॅटलास हा संच निवडून पडताळा.

एक मर्यादा कुठल्याही सेटिंगने जात नाही: इथे दिसतो तो आरएनए. शॉर्ट-रूट (एटी४जी३७६५०) हे जनुक मुळाच्या चित्रात मधल्या रंभात (गाभ्यात) रंगतं. त्याचं प्रथिन मात्र शेजारच्या अंतस्त्वचेत सरकून तिथे काम करतं. अशा जनुकासाठी जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडलेलं त्याचं प्रथिन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका.