‘आज ठरवलंत तर निम्म्या किमतीत’: समुपदेशनाच्या नावाखाली आमच्या गळ्यात पडलेलं कर्ज

ज्या समुपदेशन केंद्राबद्दल सांगते आहे, त्याचं नाव इथे लिहीत नाही. ग्राहक आयोगात आमची तक्रार चालू आहे आणि वकिलांनी तसं बजावलं आहे. नाव कळून फार उपयोगही नाही, कारण अशी दुकानं आमच्या नाशिकमध्ये आहेत तशी इतर शहरांतही आहेत. पाट्या बदलतात, धंद्याची रीत तीच.

माझा मुलगा अकरावीला, सोबत नीटचा क्लास. क्लास सुरू झाल्यावर त्याची झोप गेली, जेवण निम्म्यावर आलं, निघायची वेळ झाली की पोटात कळ यायची. सोनोग्राफीत काही निघालं नाही. फॅमिली डॉक्टर म्हणाले, समुपदेशकाला दाखवा. कुणाला, ते काही बोलले नाहीत. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात फिरत होती: पहिलं सेशन मोफत, सोबत बोटांच्या ठशांवरून ‘ब्रेन मॅपिंग’. त्यात तिथल्या सरांच्या नावाआधी ‘डॉ.’ होतं. आम्ही गेलो.

त्या मोफत सेशनमध्ये मुलगा आत जेमतेम पंधरा मिनिटं होता. मग त्याला बाहेर बसवलं आणि पुढचा तासभर आम्हा दोघांशी बोलणं झालं. बोलणं फार गोड. घरात कोण कोण, सासूबाईंचं आजारपण, यांच्या नोकरीतली बदली, मुलाचा दहावीचा निकाल, सगळं विचारलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी शांतपणे ऐकत होतं. मी तिथे ढसाढसा रडले. आणि ज्याच्यासमोर आपण असे रडलो, त्याला ‘तुमचं शिक्षण काय, नोंदणी कुठे आहे’ असं विचारायला जीभ उचलत नाही. या लोकांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून तर आधी रडू देतात आणि मग किंमत सांगतात.

किंमत होती अठरा सेशनची 54,000 रुपये. मूळ किंमत म्हणे याच्या दुप्पट, पण आजच्या आज ठरवलं तर निम्म्यात. ‘मुलगा कड्याच्या टोकावर आहे, आई म्हणून तुम्हीच ठरवा.’ हे वाक्य ऐकल्यावर उद्या येतो म्हणायची कोणत्या आईची हिंमत होईल? महिना फक्त 4,500, व्याज नाही, असं सांगून रिसेप्शनवरच्या मुलीने यांचं आधार, पॅन आणि मोबाइलवर आलेला ओटीपी घेतला. तो हप्ता केंद्राला जाणारा नव्हताच. एका फायनान्स कंपनीचं कर्ज यांच्या नावावर चढलं होतं आणि केंद्राला सगळी रक्कम आधीच मिळाली होती. म्हणजे आम्ही जाणं बंद केलं तरी हप्ता चालूच, आणि थकवला तर सिबिल, म्हणजे कर्ज फेडण्याची पत, खराब. असं डिजिटल कर्ज रद्द करायला सुरुवातीला थोडी मुदत देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्याच दिवसांचा व्याज-आकार भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. मुदत किती, ते कर्जाच्या कागदावर असतं. आमचा कागद मेलमध्ये आला होता. तो उघडून वाचेपर्यंत मुदत संपली होती.

आता त्या ब्रेन मॅपिंगचं. दहाही बोटांचे ठसे घेतले आणि आठवड्याने रंगीत, गुळगुळीत कागदावरचा जाडजूड रिपोर्ट हातात दिला. डावा मेंदू इतके टक्के, उजवा तितके, तेही दशांश चिन्हासकट. याला डीएमआयटी म्हणतात, आणि या चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं इंडियन सायकिॲट्रिक सोसायटी या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने जाहीरपणे सांगितलेलं आहे. तसं पाहिलं तर साधा विचार पुरे. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात असतानाच ठरतात आणि जन्मभर तशाच राहतात, म्हणून तर पोलीस त्यांच्यावर विसंबतात. माझ्या मुलाची झोप क्लास लागल्यावर उडाली. रेषा मेमध्ये होत्या त्याच जुलैमध्ये होत्या. पुढे शेजारच्या ताईंनी त्यांच्या मुलीचा रिपोर्ट दाखवला, तो त्याच केंद्राचा होता. नाव आणि टक्के वेगळे, परिच्छेदच्या परिच्छेद अक्षरशः सारखे. ‘आपले पाल्य संवेदनशील असून त्याला प्रोत्साहनाची गरज आहे.’ कोणत्या पाल्याला नसते?

पैसे भरल्यावर ते सर पुन्हा दिसले नाहीत. सेशनला दर वेळी नवी मुलगी. त्यातली एक मानसशास्त्र घेऊन बीए करत होती, हे तिनेच सहज बोलता बोलता सांगितलं. डोळे मिटायचे, ध्वनिफीत ऐकायची, ‘मी यशस्वी आहे’ म्हणायचं, झालं. हे सगळं एक वेळ सोडून दिलं असतं. पण मुलाने आत सांगितलं होतं की त्याला डॉक्टर व्हायचंच नाही, आणि ते आम्हाला रिसेप्शनवर, चार लोक बसलेले असताना सांगण्यात आलं. वर ‘काळजी करू नका, हे आपण काढून टाकू.’ मुलगा शेजारी उभा राहून ऐकत होता. त्यानंतर कितीतरी दिवस तो घरातही बोलेनासा झाला. पैशांपेक्षा हे नुकसान मोठं, आणि त्याची तक्रार कोणत्या रकान्यात लिहायची ते वकिलांनाही सांगता येईना.

मानसोपचारतज्ज्ञाला दाखवू का, असं मी विचारलं होतं. उत्तर मिळालं, ‘गोळ्या एकदा लागल्या की जन्मभर सुटत नाहीत.’ हे धडधडीत खोटं आहे. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, फक्त त्या मनाने बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायच्या असतात. माझ्या मुलाला उपचारांची गरज होती, आणि या एका वाक्याने ते लांबले. खरा समुपदेशक आपल्या आवाक्याबाहेरचं दिसलं की स्वतःहून पुढे पाठवतो.

पाट्यांवरच्या शब्दांचा गोंधळ असतो, म्हणून सांगते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. त्यांचा मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर असायलाच हवा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी 1992 च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, आणि परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकून ती तपासता येते. नुसतं ‘काउन्सेलर’ म्हणवून घेणाऱ्यांचं मात्र मोकळं रान आहे. केंद्र सरकारच्या 2021 च्या कायद्यात समुपदेशकही आले आहेत, पण त्याची अंमलबजावणी सावकाश चालली आहे. तोवर निदान मानसशास्त्रात एमए किंवा एमएस्सी, कुणाच्या देखरेखीखाली केलेलं काम आणि त्या वयाच्या मुलांचा अनुभव, एवढं तरी फोनवरच विचारून घ्या. फोनवर, जायच्या आधी, डोळे कोरडे असताना. चांगली माणसं या प्रश्नांनी रागावत नाहीत. भिंतीवरच्या ‘माइंड कोच’, ‘हिप्नोथेरपिस्ट’ अशा फ्रेम मोजत बसू नका. आमच्या सरांच्या ‘डॉ.’ची चौकशी केली, तर ती कुठल्याशा परदेशी संस्थेची मानद पदवी निघाली.

नंतर मुलाला एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंकडे नेलं, तेव्हा पहिलं सेशन कसं असतं ते कळलं. फी एका सेशनची, सेशन झाल्यावर, पावतीसह. त्यांनी आधी मुलाला आमच्यासमोर सांगितलं, ‘तू इथे बोलशील ते आईबाबांना मी तुला विचारल्याशिवाय सांगणार नाही. पण तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका वाटला, किंवा तुझ्यावर कुणी लैंगिक अत्याचार केला असं कळलं, तर मला सांगावंच लागेल.’ यातलं लैंगिक अत्याचार कळवणं पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. किती सेशन लागतील ते आज सांगता येणार नाही, म्हणाल्या. बरं होईलच अशी हमी दिली नाही. आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी दिली.

जाताना मी एक कागद नेला होता, तो फार कामी आला. त्रास कधी सुरू झाला, झोप किती, खाणं किती, चालू असलेली औषधं, थायरॉइड आणि बी-12 चे रिपोर्ट, घराण्यात कुणाला असा त्रास होता का. तुम्हीही असा कागद न्या, आणि त्यावर मुलाला स्वतःला काय विचारायचं आहे ते त्यालाच लिहू द्या. माझ्या मुलाने एकच ओळ लिहिली होती: माझं बोलणं रेकॉर्ड होणार का?

खाजगी फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जा. ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था 1990 पासून मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते आहे. केंद्र सरकारची टेलिमानस ही 14416 क्रमांकाची हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. मूल मरणाची भाषा करत असेल तर केंद्र निवडत बसू नका, त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

आमच्या पैशांचं म्हणाल तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, मग वकिलांची नोटीस गेली. नोटिशीनंतर न झालेल्या सेशनच्या पैशांपैकी थोडी रक्कम परत आली, बाकीसाठी जिल्हा आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. पावतीवर ‘पैसे परत मिळणार नाहीत’ असं छापलं होतं, पण ती ओळ केंद्राने छापलेली, कायद्याची नव्हे. ज्यांनी असं पॅकेज घेतलं आहे त्यांनी पावती, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, कर्जाचा कागद आणि तो रंगीत रिपोर्ट जपून ठेवावा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि आमच्या ओळखीतल्या एका घराची दोन वर्षं येत्या दिवाळीत संपत आहेत.